मध्ये पडणारी माणसे



शाळेला सुट्ट्या लागल्या की घरोघरी मुलांच्या दोन मागण्या असतात. एक, पिक्चर दाखवा. दोन, कुठेतरी फिरायला न्या. हातावर पोट असलेल्या आपल्या घरांत त्यातली एक जरी पुरी झाली तरी मुले ती वर्षभर पुरवून पुरवून सांगतात. २०२५ च्या उन्हाळ्यात माझ्याकडून दोन्ही मागण्या एकाच दिवशी पुऱ्या झाल्या. त्या दिवसाची हकिकत आज सांगते, कारण ती नुसती सहलीची नाही.

वडीगोद्रीत हमरस्त्याच्या कडेला माझे शिलाईचे दुकान आहे. डाव्या हाताला चहाचे हॉटेल, उजव्या हाताला पंक्चरचे दुकान. हॉटेलवाले मराठा, पंक्चरवाले माळी, मध्ये आम्ही बौद्ध. तिघांच्याही मुली एकाच वर्गात. तिघींत मिळून एक गाईड घ्यायचे आणि आठवड्याच्या पाळीने वापरायचे, असा त्यांचा रिवाज. सकाळचा पहिला चहा न सांगता माझ्या मशीनवर यायचा. हुरड्याच्या दिवसांत पंक्चरवाल्यांच्या घरून कणसे यायची. पंधरा वर्षांत तुमचे-आमचे असे कधी झाले नाही.

मग ते दिवस आले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी जवळच्याच अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आमचा भाग देशभर माहीत झाला. पुढे १३ जून २०२४ रोजी ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे आमच्या वडीगोद्रीतच उपोषणाला बसले. ते उपोषण २२ जूनपर्यंत चालले. कोणाचा हक्क किती, हा निवाडा मी करणार नाही. आरक्षणाची किंमत आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. आणि मुलाच्या नोकरीसाठी झुरणारा बाप कोणत्याही जातीचा असो, त्याची तळमळ आपल्याला कळते. मी फक्त आमच्या तीन दुकानांचे काय झाले ते सांगते.

दोघांनी बोलणे सोडले. हॉटेलवाल्यांच्या गाडीचे चाक बसले तर ते पुढच्या दुकानापर्यंत ढकलत नेऊ लागले. पंक्चरवाले चहासाठी थर्मास घरून आणू लागले. मुलींचे गाईड तीन झाले. आणि मी काय केले? खरे सांगते, मीही माझ्या धाकटीला बजावले, "आपल्याला काय करायचं? आपण मध्ये पडायचं नाही. तिकडंही जाऊ नको अन्‌ इकडंही जाऊ नको."

हे माझ्या मायने ऐकले. ती बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "बाई, कुणी मध्ये पडलं म्हणून तू जिती हाईस."

गोष्ट १९७८ ची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. मी दोन वर्षांची, मायच्या कडेवर. रात्री ओरडा आला तशी माय मागच्या वाटेने पळाली आणि गावातल्या एका मराठा म्हातारीच्या दारात शिरली. म्हातारीने आम्हाला कणगीमागे बसवले आणि स्वतः उंबऱ्यात बसली. माणसे आली तेव्हा म्हणाली, "आत जायचं असंल तर मला वलांडून जा." तिला ओलांडायची कुणाची छाती झाली नाही. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. माय दरवर्षी त्या दिवशी त्या म्हातारीचे नाव घेते.

मायचे बोलणे मला लागले. पण लागणे वेगळे आणि वागणे वेगळे. पुरे एक वर्ष मी काहीच केले नाही.

२०२५ मध्ये मुलींची दहावीची परीक्षा झाली. त्याच सुमारास महात्मा फुले आणि सावित्रीबाईंवरचा 'फुले' हा हिंदी पिक्चर आला. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, तो लागायचा होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले आणि अखेर २५ एप्रिलला तो लागला. धाकटी म्हणाली, "आई, मला दाखव. पण एकटीला नको, तिघींना."

मी आधी हॉटेलवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, फुल्यांचा पिक्चर म्हणजे तो त्यांचाच की. आमची पोरगी कशाला?" पंक्चरवाले म्हणाले, "पिक्चर आमचाच हाय, पण त्यांची पोरगी येत असंल तर आमची नको." दोघांनाही मी एकच उत्तर दिले, "पोरी माझ्या जबाबदारीवर. तिकीट मी काढते. सावित्रीबाईंची शाळा कुणा एकाची नव्हती." शेवटी मुलींच्या आयांनीच होकार दिला. वाचक भगिनींनो, हे लक्षात ठेवा. पुरुषांचे बोलणे बंद झाले तरी बायकांचे डोळे बोलत असतात.

मंगळवारी, २९ एप्रिलला, सकाळच्या एसटीने निघालो. बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून हे जमले. पाचोड, आडूळ करीत दोन तासांत छत्रपती संभाजीनगर. माझा बेत सकाळी वेरूळ आणि दुपारी पिक्चर असा. स्टँडवर रिक्षावाल्याने सांगितले, "मावशी, मंगळवारी वेरूळ बंद असतंय." मुलींची तोंडे उतरली. मग बेत बदलला. आधी पिक्चर, नंतर विद्यापीठामागच्या डोंगरातली बुद्ध लेणी.

पिक्चरबद्दल फार लिहीत नाही, आपण स्वतः पाहावा. अंगावर शेण झेलीत सावित्रीबाई शाळेत जातात, तिथे तिघीही एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मला मात्र दुसरीच माणसे आठवत होती. शिकवण्याच्या कामापायी जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांचे काय अडले होते? तेही म्हणू शकले असते, आपण मध्ये कशाला पडायचे? बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. १९५४ साली आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाच्या मुहूर्तालाही ते हजर राहिले. पिक्चरला जाणे म्हणजे वेळ घालवणे, असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाहेर आल्यावर हॉटेलवाल्यांच्या मुलीने विचारले, "मावशी, भिडे वाड्यात १८४८ ला शाळा निघाली, तिच्याआधी आमच्यातल्या कुणाला शिकता आलं असतं?"

मी म्हटले, "तिघींतल्या एकीलाही नाही."

पुढचे मी बोलले नाही. त्या तिघींनी ते आपापसात बोलून घेतले.

उन्हे कलल्यावर लेण्यांवर गेलो. पायऱ्या चढताना खाली विद्यापीठ दिसते. मायची गोष्ट मी मुलींना तिथे बसून सांगितली. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. ते मधोमध उभे आहेत आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. कुणापुढे आग, कुणापुढे सिंह, कुणापुढे साप, कुणाचे जहाज बुडते आहे. प्रत्येक जण त्यांच्याकडे तोंड करून मदत मागतो आहे. पंक्चरवाल्यांची मुलगी निरखून पाहत होती. म्हणाली, "मावशी, तुझ्या मायची म्हातारी अशीच उभी होती का?" मी म्हटले, "ती बसली होती, बाई. पण मध्येच बसली होती."

शिल्पकाराने दीड हजार वर्षांपूर्वी जे दगडात सांगितले, ते आमच्या मायला न वाचता कळले होते. मला मात्र कळायला एक वर्ष आणि चार तिकिटे लागली.

रात्री फाट्यावर उतरलो तर दोन्ही बाप उभे होते. माझ्या बंद शटरच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरे. आपापली पोरगी घेऊन घरी गेले. एकमेकांशी शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातला पोऱ्या माझ्या मशीनवर दोन कप ठेवून गेला. "एक तुमचा, अन्‌ एक तिकडं द्या म्हणले." मी उठून तो कप पंक्चरच्या दुकानात नेऊन दिला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने कप माझ्याकडेच परत आला. स्वच्छ धुतलेला होता.

आजही दोघे मोकळे बोलतात असे नाही. जे दोन वर्षांत तुटले ते एका पिक्चरने जुळत नाही. पण तिघी मुली आता कॉलेजला एकाच एसटीने जातात आणि पुस्तके पुन्हा तिघींत एकच आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, येत्या सुट्टीत आपल्या मुलांना पिक्चरला न्या, लेण्यांवर न्या. जाताना शेजारचे एक मूल बरोबर घ्या. ज्या घराशी बोलणे बंद आहे, त्याच घरचे घ्या. खर्च एका तिकिटाचा आहे. गावात पुन्हा कधी वाईट रात्र आली तर उंबऱ्यात बसणारे कुणीतरी लागेल, आणि ते माणूस आजच तयार करावे लागते.

जयभीम.