पेढीवरील अस्थिर अवधान

गिऱ्हाईकाशी तासभर गोड बोलून माल खपविणारा मुलगा रोजकीर्द लिहावयास बसला की दहा मिनिटांत उठतो. उधारीची नोंद राहते आणि वडील नोकरांदेखत त्याला ‘बेजबाबदार’ म्हणतात. अशा प्रत्येकाला एडीएचडी असतो असे नाही. मात्र ही मेंदूच्या जडणघडणीतील अडचण आहे, आळस नव्हे. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी, शाळेत व घरीही दिसलेली असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. मोठेपणी बाहेरची धावपळ बहुधा ओसरते. विस्मरण व टाळाटाळ उरते. औषधाने पुष्कळांना गुण येतो.

नोकरदार वरिष्ठांकडे सवलत मागू शकतो. पेढीवर वरिष्ठ म्हणजे वडीलच! तेव्हा पाऊल त्यांनीच उचलावे. तोंडी पाच कामे सांगण्याऐवजी एकच काम चिठ्ठीवर लिहून द्यावे. माल हातून जाण्यापूर्वीच उधारी टिपली जावी. जीएसटीच्या मासिक विवरणांच्या ११ व २० या तारखांपर्यंत बिलांचा ढीग साचू न देता, रोज दुकान वाढविण्यापूर्वी वीस मिनिटे कोणीतरी त्याच्याशेजारी बसावे. वसुली धाकट्या भावाकडे सोपविली तरी चालेल. गिऱ्हाईक मात्र त्याच्याचकडे राहू द्यावे.