टॅब घराचा, मग वेळ कुणाची?



उन्हाळ्याची साठवण, पर्युषणाची तयारी, सुना-लेकींचे प्रश्न यांवर आपण नेहमीच बोलतो. आज घरातल्या टॅबवर बोलू या. आता तो मिक्सर आणि इस्त्रीसारखाच घरातला झाला आहे, पण त्याच्या वापराचे नियम अजून कुणी घातलेले नाहीत. माझं मत आधीच सांगते. मोबाइल माणसाचा असतो, टॅब घराचा असतो. जी वस्तू घराची, तिची जागा, तिची वेळ आणि तिच्यातला प्रत्येकाचा वाटा घर चालवणारीनं ठरवला पाहिजे. आपण ठरवला नाही, तर जो जास्त हट्ट करतो त्याचा टॅब होतो.

मोबाइल खिशात किंवा पर्समध्ये बसतो. माणसाबरोबर तो दुकानात जातो, बाजारात जातो, लग्नाला जातो. टॅब खिशात मावत नाही, म्हणून तो घरीच राहतो. आमच्याकडे सकाळी नातू त्यावर पाढे ऐकतो, दुपारी सूनबाई ढोकळ्याचं प्रमाण बघते, संध्याकाळी मुलगा दुकानाचा जीएसटीचा हिशोब चाळतो आणि रात्री आमचे हे प्रवचन ऐकतात. रविवारी सुरतेची लेक व्हिडिओ कॉल करते, तेव्हा आम्ही सगळे त्या एका पडद्यासमोर दाटीवाटीनं बसतो. पूर्वी रेडिओभोवती बसायचो तसंच.

टॅब मुलांच्या शिक्षणासाठी म्हणूनच आपल्याकडे आला. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' आणला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता, म्हणून जगभर त्याची चर्चा झाली. पण तो हळू चालतो, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी आल्या आणि हळूहळू आकाश विस्मरणात गेला. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेनं आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. पाठीवरचं दप्तर हलकं करायचं, असा त्यामागचा विचार होता. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या, जेईई आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते, सोबत इंटरनेट डेटाही देते. चांगलंच आहे. पण मुलाच्या हातात पडलेला टॅब संध्याकाळी घरी येतो, आणि घरी आल्यावर त्याचं काय करायचं हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण सातपुड्याच्या डोंगरात रेंज अजूनही पाहुण्यासारखी येते आणि चहा घ्यायच्या आत निघून जाते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असं सांगितलं गेलं, तेव्हा डोंगरातली पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची. काठीसारख्या गावात राहणारीला मुंबई-पुण्याच्या मैत्रिणीचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

पण ही अडचण वापरून घेता येते, असं माझं म्हणणं आहे. आपण आठवड्याच्या बाजारातून सामान आणतो, तसंच टॅबचंही करावं. अक्कलकुव्याला किंवा नंदुरबारला जाणं झालं की चांगली रेंज बघून हवं ते उतरवून आणायचं. ई-बालभारतीवर शाळेची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. 'दीक्षा' अ‍ॅपवरचे धडे एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालतात. घरी आल्यावर टॅबचं इंटरनेट बंद ठेवायचं. मग पुस्तक आहे, धडा आहे, स्तवन आहे, पण एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ नाहीत. मूल धडा संपला की उठतं, कारण पुढे काही नसतं. शहरातल्या आया जे लाख प्रयत्नांनी करतात, ते आपल्याकडे डोंगर फुकट करून देतो.

आता थोडा हिशोब. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण खतावणी काही डोक्यातून गेली नाही. आयकराच्या नियमांत संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. तोच दर लावला, तर १५,००० रुपयांचा टॅब पहिल्या वर्षाअखेर ९,०००, दुसऱ्या वर्षी ५,४०० आणि तिसऱ्या वर्षी ३,२४० रुपयांवर येतो. म्हणजे सोन्यासारखी ठेवून द्यायची ही वस्तू नव्हे. कपाटात जपून ठेवली तरी तिची किंमत जातेच. त्या तीन वर्षांत तिनं घराला काय दिलं, एवढंच बघायचं.

याहून मोठा खर्च पावतीवर दिसत नाही. रोज दोन तास टॅब बघितला, तर वर्षाचे ७३० तास होतात. चोवीस तासांचा दिवस धरला तर पूर्ण तीस दिवस. वर्षातला एक अख्खा महिना आपण त्या पडद्याला देतो. तो महिना अभ्यासात, स्वाध्यायात किंवा लेकीशी बोलण्यात गेला असेल तर जमा बाजूला लिहा. कशात गेला ते आठवतच नसेल, तर तो खर्च कोणत्या नावावर टाकायचा?

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ताटासमोर ठेवलेल्या टॅबची. मूल जेवत नाही म्हणून कार्टून लावून द्यायचं आणि ते तोंड उघडं ठेवून बसलं की घास भरवायचे. हे आपल्या किती घरांत चालतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच आहे. दोन वर्षांपर्यंत आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडला तर काही नको, आणि पाच वर्षांपर्यंत फार तर तासभर, तोही मोठ्यांच्या देखत.

डॉक्टरांचं सोडा, आपल्या धर्माच्या अंगानं बघा. ऊनोदरी हे आपल्याकडे तप मानलं आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी खायचे. हे तप कुणाला जमेल? ज्याला आपली भूक कळते त्यालाच. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरलं की नाही हेच कळत नाही. त्याला वरण तिखट आहे की गोड हेही सांगता येत नाही. मोठेपणी त्यानं उपवास करावा, आयंबिल करावं अशी आपली इच्छा असते आणि लहानपणी त्याची जीभच आपण झोपवून ठेवतो. एक वेळ अर्धपोटी उठलं तरी चालेल, पुढच्या वेळी भूक लागेल तेव्हा आपणहून मागेल. आपल्या सासवांनी पाच-सहा मुलं चिमणी-कावळा दाखवूनच जेवू घातली ना?

काही जणी म्हणतात, मग टॅब घरात आणूच नये. मला हे पटत नाही. आपल्या वयाच्या बायकांना विचारा. चष्म्याचा नंबर वाढला की स्तोत्राच्या पुस्तकातली बारीक अक्षरं दिसेनाशी होतात. टॅबवर दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. जैन ग्रंथांची कितीतरी पानं आता इंटरनेटवर आहेत. ज्या पुस्तकासाठी पूर्वी ज्ञानभंडारात जावं लागे, ते काठीत बसून वाचता येतं. २०२० च्या चातुर्मासात स्थानकात जाणं बंद होतं, तेव्हा किती जणींचा स्वाध्याय या पडद्यावर टिकून राहिला. ज्ञानाचं साधन म्हणून बघितलं, तर पोथीला ठेवतो तशी यालाही स्वच्छ, उंच जागा द्यावी, पाय लागू देऊ नये, जेवणाच्या खरकट्या हातानं धरू नये. मात्र सामायिकाची ४८ मिनिटं टॅब बाजूला असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विजेवर चालणारी वस्तू समोर ठेवून, मधेच वाजणाऱ्या मेसेजकडे कान ठेवून समभाव कसा यायचा?

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसले, तो. लॉकडाऊनमध्ये घरात एकच फोन असेल तर तो आधी कुणाच्या हातात जायचा, आठवून बघा. आधी कर्त्या पुरुषाच्या, मग मुलाच्या, मग उरला तर मुलीच्या. आईचा नंबर लागायचाच नाही. टॅब घरातच राहतो, म्हणून तो बायकांना मिळायला हवा. मिळतो का? मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर चार रकाने आखले: नाव, किती वेळ, कशासाठी, मिळालं काय. आठवडाभर ज्यानं त्यानं आपलं आपण लिहायचं. आठवड्यानं बेरीज केली तर नातवाचे तास सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल पुरुषांचे. सूनबाईच्या नावावर काय होतं? ढोकळा, किराणा मालाची यादी आणि नातवाचा गृहपाठ. म्हणजे तिचे तासही दुसऱ्यांच्याच कामाचे. ती शिकलेली मुलगी, टीईटीची तयारी करायची असं लग्नाआधीपासून म्हणते आहे.

वही सगळ्यांसमोर ठेवली, कुणाला बोल लावला नाही. आकडे समोर असले की भांडावं लागत नाही. आता दुपारी दोन ते साडेतीन टॅब सूनबाईचा. त्या वेळात नातू माझ्याजवळ, आणि चहा ज्याचा त्यानं करून घ्यायचा. परीक्षेचं पुढे काय होईल ते होवो. घरातल्या वस्तूवर तिच्या नावाची वेळ लिहिली गेली, हेही थोडं नाही.

हे फक्त एका घरापुरतं नाही, गावही करू शकतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कोरोनानंतर पोरं मोबाइल आणि टीव्हीपुढून हलेनात, म्हणून २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची सभा झाली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, मोबाइल आणि टीव्ही बंद. दीड तासानं पुन्हा वाजतो. मधल्या वेळात मुलं वाचतात, घरातली माणसं एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या, समजावलं. बायकांच्या सभेतून निघालेली ही गोष्ट पुढे देशभर पोचली.

आपल्याला भोंग्याचीही गरज नाही. चौविहार करणाऱ्या घरात सूर्यास्ताला चूल बंद करायची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच वेळी टॅबही झाकून ठेवायला काय हरकत आहे? रात्री प्रवचन ऐकायचंच असेल तर सगळ्यांनी मिळून ऐकावं. आणि होळीच्या दिवसांत तर तो बाहेर काढूच नये. आपल्या काठीची राजवाडी होळी पाहायला गुजरात, मध्य प्रदेशातून माणसं येतात, रात्रभर ढोल घुमतो, पहाटे होळी पेटते. अशा गावातल्या मुलानं तो नाच पडद्यावर बघावा, ही काही बरी गोष्ट नव्हे.

आमच्याकडे ठरलेल्या आणखी काही गोष्टी सांगते, पटल्या तर घ्या. टॅब बैठकीच्या खोलीतच राहतो, झोपायच्या खोलीत जात नाही. चार्जिंगला लावलेला असताना मुलांनी हात लावायचा नाही. बँकेचं अ‍ॅप आणि पैसे पाठवायचं अ‍ॅप टॅबमध्ये ठेवायचं नाही, कारण तो सगळ्यांच्या हातात असतो. आणि व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातल्या कुणी 'तुम्हाला अटक केली आहे' असं सांगितलं, तर घाबरून पैसे पाठवायचे नाहीत. अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा, घरच्यांना सांगा आणि १९३० या नंबरवर तक्रार करा.

या रविवारी एवढंच करा. वहीचं एक पान घ्या, चार रकाने आखा आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. आठवड्यानं बेरीज करताना आपल्या स्वतःच्या नावासमोर किती मिनिटं आहेत, ते आधी बघा.