गोळी मागणारा रुग्ण आणि आपले हसू

वैद्यमंडळी एकत्र जमली की विनोदाला तोटा नसतो. आपल्या मालवणी मुलखात तर तो चांगला मसाला घालून वाढला जातो. अशा गप्पांत एका पात्राचा प्रवेश हमखास होतो : वेदनाशामक गोळी मागणारा रुग्ण. त्याची गोळ्यांची पट्टी एका महिन्यात खाडीत पडते, दुसऱ्या महिन्यात म्हैस खाते, तिसऱ्या महिन्यात जावई मुंबईस घेऊन जातो. दुसरे कोणतेही औषध पुढे केले, तरी पालुपद एकच : "माका तीच गोळी व्हयी." हशा पिकतो. विनोदास आमचा विरोध नाही. मात्र हा विनोद चहापुरता न राहता निदानाची जागा घेऊ लागतो, तेव्हा तो महाग पडतो.

त्या पात्राच्या जागी प्रत्यक्ष माणूस ठेवून पाहावा. रापण ओढून कंबर गेलेला मच्छीमार, चिरेखाणीतील मजूर, नारळ काढताना माडावरून पडलेला गडी. कोणीतरी त्यास काही दिवसांसाठी ट्रॅमाडॉल लिहून देतो आणि ती गोळी वर्षभर चालू राहते. हे औषध अफूच्या जातकुळीतले आहे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. शरीर सरावते, मात्रा अपुरी पडते. मग एखादा दिवस गोळी चुकली की घाम, अस्वस्थता, अतिसार, निद्रानाश आणि सर्वांगाचा ठणका. रुग्णास वाटते, जुने दुखणे उलटले. वस्तुतः पुष्कळदा ते गोळी थांबल्याचे दुखणे असते. काही रुग्ण खोटेही बोलतात, हे मान्य. पण म्हशीची कथा रचण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो माणूस आजारीच आहे.

शासनाने हा विषय गांभीर्याने घेतला आहे. 1 मार्च 2014 पासून अनुसूची एच-1 लागू झाली. तीत ट्रॅमाडॉलचा समावेश असून वैद्याचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवणे औषधविक्रेत्यास बंधनकारक आहे. एप्रिल 2018 मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आले. काही औषधविक्रेते बांधवांस ही वही म्हणजे कटकट वाटते. परंतु एकाच रुग्णाचे नाव तीत वारंवार येऊ लागले, तर रोगाची पहिली खूण वैद्याआधी औषधविक्रेत्यासच दिसते.

हे सारे आधुनिक वैद्यकाचे लचांड, असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत. बृहत्त्रयीत अफू आढळत नाही. शार्ङ्गधर संहितेपासून अहिफेन आपल्या ग्रंथांत स्थिरावले. पुढे त्याची गणना उपविषांत झाली आणि आल्याच्या रसाच्या भावना देऊन शोधन सांगितले गेले. उपविष म्हणताना पूर्वाचार्यांनी हसण्यास जागा ठेवलेली नाही. औषध कायद्याच्या अनुसूची ई-1 मध्येही अहिफेन आहे. असे असता कामिनी विद्रावण रसासारखा अहिफेनयुक्त कल्प केवळ नावाच्या मोहाने खपतो, आणि त्याची सवय जडलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जातात, ही आपल्या शास्त्राची शोभा नव्हे.

कोकणातील कित्येक घरांनी मुंबईच्या गिरण्यांत पिढ्या काढल्या. त्या काळी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देत. मूल निजे, आईस पाळी भरता येई. त्या माउलीपुढे दुसरा मार्ग नव्हता, आपल्यापुढे आहे. तक्रार थांबली म्हणजे रोग हटला, असे समजणे हा बाळगोळीचाच न्याय होय.

याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत मॉर्फिन हे व्यसन नव्हे, उपकार आहे. 1985 च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे देशात त्याचा वैद्यकीय वापर कमालीचा घटला. 2014 च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी झाली. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफू कारखाने असलेल्या या देशात रुग्ण वेदनेने तळमळत जावा, याहून क्रूर विसंगती कोणती? 'गोळीचा चटका लागलेला' हा शेरा अशा रुग्णास लागू नये, याची दक्षता आपणच घेतली पाहिजे.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींस आमचे सुचवणे आहे. गोळी मागणाऱ्या प्रत्येकास तीन प्रश्न विचारावेत : गोळी केव्हा सुरू झाली, आज दिवसाला किती लागतात, चुकली तर काय होते? उत्तरावरून सवय दिसली, तर गोळी एकाएकी तोडू नये. मात्रा हळूहळू उतरवण्यासाठी जाणकार मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. मागाहून स्नेहन, स्वेदन, बस्ती यांस आपल्याकडे वाव आहेच. अहिफेनयुक्त कल्प देताना रुग्णास तसे स्पष्ट सांगावे. नावनिशाणी नसलेली 'संधिवाताची पुडी' दवाखान्यात वा दुकानात ठेवूच नये. असल्या पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

विनोद करायचाच, तर रुग्ण बाहेर बसलेला असतानाही करता येईल, असा करावा. त्याच्या कानी पडू नये असे जे वाटते, ते आपल्याही तोंडी शोभत नाही, असे आमचे नम्र मत आहे.