‘टायटॅनियम’ एवढं सांगून भागत नाही

‘प्लेट टायटॅनियमची आहे, चांगली असते,’ एवढ्या भरवशावर पेशंटचे नातेवाईक पैसे भरतात. धातू कोणता हे विचारलं जातं, त्याचा पृष्ठभाग कसा आहे हे नाही. शरीराची गाठ मात्र पडते ती पृष्ठभागाशीच.

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1950च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं. ते काढायला गेले, तर निघेना. हाडाने ते पक्कं धरलं होतं. 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात दातांसाठीचे आपले पहिले इम्प्लांट बसवले. ते लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत होते. पुढे खड्यांचा मारा करून, आम्लाने कोरून पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केला जाऊ लागला, कारण एक-दोन मायक्रॉनचा खरखरीतपणा असला की हाडाची पकड वाढते.

इम्प्लांटचा हिरडीतून वर येणारा भाग मात्र गुळगुळीतच हवा. खरखरीत जागी जिवाणूंचा थर लवकर धरतो. तिथेही खरखरीतपणा साधारण 0.2 मायक्रॉनपर्यंत उतरला, की आणखी पॉलिश करून जिवाणू फारसे कमी होत नाहीत. आरशासारखी चमक दिसायला छान, एवढंच.

मोडलेलं हाड जुळल्यावर जी प्लेट काढायची असते, तिथे हाडाची हीच पकड त्रासाची ठरते. स्क्रू फिरत नाही, त्याची खाच झिजते, शस्त्रक्रिया लांबते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पॉलिश केलेल्या टायटॅनियमला हाड कमी चिकटल्याचं दिसलं आहे. शिवाय वारंवार ताण सोसणाऱ्या धातूत तडा जातो तो बहुधा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासून, आणि चांगल्या पॉलिशने असे ओरखडे जातात. पण पॉलिश सगळीकडे पुरत नाही. टायटॅनियम घासलं की लवकर झिजतं, म्हणून कृत्रिम खुब्याचा गोळा सहसा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा असतो.

पृष्ठभागाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे सन 2000 मध्ये अमेरिकेत दिसलं. सुल्झर ऑर्थोपेडिक्स या कंपनीच्या कृत्रिम खुब्याच्या वाट्यांवर कारखान्यातल्या तेलाचा अंश राहिला होता. अनेक पेशंटमध्ये हाड वाटीला धरलंच नाही. कंपनीला माल परत मागवावा लागला, आणि हजारो वाट्या तोवर माणसांच्या शरीरात बसल्या होत्या.

बिलावर नुसतं ‘टायटॅनियम’ लिहिणं म्हणूनच अपुरं आहे. कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांकाचं स्टिकर प्रत्येक पेशंटच्या हाती पडलंच पाहिजे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: हे कायमचं ठेवायचं आहे की पुढे काढायचं? आणि त्यानुसार याचा पृष्ठभाग निवडला आहे का?