क्लिओपात्रा तोंडपाठ, नागनिका कोण?

पालघर जिल्ह्यातल्या माकुणसारच्या शाळकरी मुलाला इजिप्तची राणी विचारा, तो लगेच क्लिओपात्राचं नाव सांगेल. तिचं सौंदर्य, सीझर, सर्पदंश सगळं त्याला ठाऊक असतं. मग नागनिका विचारा. तो गप्प होतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

क्लिओपात्रा इसवी सन पूर्व ३० मध्ये गेली. तिची जी कहाणी जगाला माहीत आहे, ती मुख्यतः रोमच्या जेत्यांच्या बाजूने आलेली. ज्याच्यावर सगळे भिस्त ठेवतात तो ग्रीक चरित्रकार प्लुटार्क तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहीत होता. त्यानेच नोंदवलंय, की शेवटच्या दिवसांत तिने आपला मुलगा सीझेरियन याला भरपूर धन देऊन इथिओपियामार्गे भारताकडे रवाना केलं होतं. मुलगा वाटेतूनच परतवला गेला आणि तिला हरवणाऱ्या ऑक्टेवियनने त्याला ठार केलं. पुढे पाचेक वर्षांत ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने इजिप्तमधून भारताकडे दरसाल निघणारी १२० जहाजं नोंदवली. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इकडच्या बंदरांमध्ये सोपाऱ्याचं नाव आहे. सोपारा म्हणजे सफाळ्याहून विरारकडे जाणाऱ्या गाडीने सहज गाठता येणारं आजचं नालासोपारा.

क्लिओपात्राच्याच काळाच्या आसपास, कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरला गेला. बहुतेक अभ्यासक तो इसवी सन पूर्व पहिल्या शतकातला मानतात. महारठीची मुलगी, सातकर्णीची राणी, वेदिश्री आणि शक्तिश्रीची आई. पतीनंतर तिने व्रतस्थ आयुष्य काढलं. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नाणी, सगळ्याची मोजदाद त्यात आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी काही अंक इथे सापडतात. शेजारी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या, मात्र वरची नावं शाबूत आहेत.

फरक इथे आहे. क्लिओपात्राबद्दल इतरांनी लिहिलं. नागनिकेच्या घराण्याने स्वतःच्या शब्दांत, प्राकृतात, दगडावर लिहून ठेवलं. तरीही आपण परक्यांची ऐकीव कहाणी घोकतो आणि घरचा लेखी पुरावा पावसाळी सहलीच्या सेल्फीमागे झाकतो.

सोपाऱ्याचीही तीच गत, पुरावा आहे पण आठवण नाही. ज्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाटाचे लेख अभ्यासले, त्यांनीच १८८२ मध्ये ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा सोपाऱ्याचा स्तूप खणला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा शोधला.

पालघर जिल्ह्यातल्या शाळांनी वर्षातली एक सहल वॉटर पार्कऐवजी या दोन ठिकाणी न्यावी. नाणेघाटाच्या लेखाचा मराठी अनुवाद आधी वर्गात वाचावा, घाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण बघावा, आणि बंदरावरचा माल घाटमाथ्यावर कसा चढत असेल हे मुलांना नकाशावर काढायला लावावं.