वाळलेले व्रणमुख आणि आतील अस्थी

फाल्गुन सरत आला की ऊसतोडीस गेलेल्या टोळ्या बीड जिल्ह्यात परतू लागतात, आणि धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील आपल्या व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांत एक ठरावीक रुग्ण येऊन बसतो. नडगीवर कोयत्याची जुनी जखम, तिच्या जागी बारीकसे छिद्र आणि त्यातून अधूनमधून झिरपणारा पू. विचारले तर सांगतो, "भरतंय आन् पुन्हा फुटतंय." कारखान्याच्या तळावर कोणी पट्टी बांधली, कोणी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. खाडा झाला तर पैसे अंगावर येतात, म्हणून तो तसाच पाय ओढत फडात उभा राहिला.

अशा रुग्णास आपण जात्यादि तेलाची वात, त्रिफळा गुग्गुळ, गंधक रसायन देतो. काही आठवड्यांत व्रणमुख वाळते. रुग्णही संतुष्ट आणि आपणही. आम्हीही असे समाधान मानलेले आहे, आणि पुढील हंगाम संपल्यावर तोच रुग्ण त्याच छिद्रासह समोर बसलेला पाहून खजीलही झालो आहोत. हा लेखनप्रपंच त्यातूनच घडला. हाडावरील स्रवणाऱ्या व्रणास त्वचेचा विकार समजून चिकित्सा करणे आपण आता थांबविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अस्थिगत पूयसंसर्गास बहुतांशी कारणीभूत ठरणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हाड घडविणारी जी अस्थिजनक पेशी, तिच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना हा जंतू फायब्रोनेक्टिन नामक प्रथिनाच्या दुव्याने चिकटतो, आणि ती पेशी त्याला आपल्या उदरात ओढून घेते. तेथे काही जंतू मंद होऊन, आकसलेल्या रूपात महिनोन्‌महिने दबा धरून राहतात. पेशीच्या आत अनेक प्रतिजैविके पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. संसर्ग झालेली पेशी स्वस्थ बसत नाही, हे खरे. ती इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशद्रव्ये स्रवून रक्तातील श्वेतपेशींना पाचारण करते. परंतु त्याच धावपळीत हाड झिजविणाऱ्या अस्थिभक्षक पेशीही चेतविल्या जातात. इकडे अस्थिजनक पेशी मरू लागतात. म्हणजे झीज वाढते आणि भरणी थांबते. रक्तपुरवठा तुटलेला हाडाचा तुकडा मृत होऊन आतच पडून राहतो, आणि रक्तावाटे येणारे औषध, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, त्याच्यापर्यंत जाणार कसे?

२०१७ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या संसर्गित हाडांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे प्रसिद्ध केली. अस्थिपेशींना परस्परांशी जोडणाऱ्या, जंतूच्या स्वतःच्या व्यासाहूनही अरुंद अशा सूक्ष्म नलिकांत हा गोल जंतू अंग चेपून शिरलेला त्यांत स्पष्ट दिसतो. ती वाचल्यावर 'व्रणमुख वाळले' या शब्दांचा अर्थ आमच्यापुरता तरी पार बदलला.

सुश्रुताचार्यांना जंतू ठाऊक होते, असे आम्ही म्हणणार नाही. तसे दावे करणाऱ्यांनी शास्त्राचे भले केलेले नाही. परंतु निदानस्थानातील विद्रधीच्या अध्यायात मज्जेच्या पाकाचे जे वर्णन आहे, ते पुन्हा एकवार अवश्य वाचावे. मांस व अस्थी यांनी वाट अडविल्यामुळे पूयास बाहेर पडता येत नाही आणि रुग्ण आत अग्नी पेटल्याप्रमाणे जळत राहतो, हे त्यांनी नेमके टिपले आहे. चिकित्सास्थानात तर अस्थीचा भेद करून शोधन करण्याचा स्पष्ट आदेश आहे. आधी शोधन, मग रोपण, हा क्रम आपण पाठ केलेला असतो. दवाखान्यात मात्र रोपणाचीच घाई करतो.

तेव्हा हाडालगतचा व्रण सहा आठवड्यांत भरला नाही, किंवा भरून पुन्हा फुटला, तर क्ष-किरण तपासणी झालीच पाहिजे. नव्या संसर्गात पहिले दहा ते चौदा दिवस हे चित्र निर्दोष दिसू शकते, म्हणून एका तपासणीवर विसंबू नये. छिद्रातून घेतलेल्या पुवात जे जंतू सापडतात, तेच हाडात असतात असेही नाही. हाडाचा नमुना घेणे हे शल्यतज्ज्ञाचे काम. मृत हाड दिसल्यास रुग्णास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा बीडचे जिल्हा रुग्णालय येथे पाठवावे. मृत हाड निघाल्यानंतर आहार, अग्नी, व्रणरोपण, बलवर्धन यांत आपल्याला करण्यासारखे पुष्कळ उरते. मधुमेह्याच्या पायाचा व्रण तर पहिल्याच दिवशी हाडापर्यंत तपासावा.

मुलांच्या बाबतीत सहा आठवडे थांबण्याचा प्रश्नच नाही. लहान मुलास ताप आहे, गुडघ्याजवळचे हाड दाबताच ते किंचाळते, पाय टेकवीत नाही. आणि घरची मंडळी मुरगळला म्हणून तेल चोळून शेकत बसली आहेत. अशा मुलास त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे. मुलांत हा संसर्ग बहुधा रक्तावाटे येतो, त्यामुळे जखम शोधून सापडत नाही.

औषधविक्रेते बंधूंस एक विनंती. अशा व्रणासाठी काउंटरवरून तीन-चार गोळ्या सुट्या देऊ नयेत. हाडाच्या संसर्गात प्रतिजैविके बहुधा चार ते सहा आठवडे, तीही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात. तीन दिवसांत पू आटतो, दुखणे थांबते आणि रुग्ण तपासणीला येण्याचे टळते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पुन्हा निघतील. त्यापूर्वी नडगीवर जुनी खूण असलेल्या प्रत्येकास बोलावून पाय पाहावा, आणि निघताना त्याच्या हाती क्ष-किरण चित्र, उपचारांच्या तारखा व घेतलेल्या औषधांची नावे लिहिलेला कागद द्यावा. सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातील कोण्या डॉक्टरासमोर तो उभा राहील, तेव्हा त्याला आपली हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.