स्क्रीनवर +९१, फोन मात्र भलतीकडूनच!

चाकणची सेकंड शिफ्ट संपवून तुम्ही रूमवर येताय आणि फोन वाजतो. स्क्रीनवर साधासुधा +९१ चा नंबर. पलीकडून दरडावणी, ‘तुमच्या कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडलंय, व्हिडिओ कॉलवरून हलायचं नाही!’ ही ती ‘डिजिटल अरेस्ट’. अशी अटक कायद्यात नाहीच. पण परदेशातून आलेल्या कॉलवर भारतीय नंबर दिसतोच कसा?

उत्तर कॉल जोडण्याच्या पद्धतीत आहे. फोर-जीवरचा कॉल असो की ऑफिसचा इंटरनेट फोन, तो जोडायला ‘सिप’चे नियम वापरतात. हे नियम जून २००२ चे. नंबर फिरवला की एक मेसेज निघतो. पाकिटावर पत्ता असतो तशा त्यावर ओळी असतात, म्हणजे हेडर. वाटेतले प्रॉक्सी सर्व्हर हे पोस्टमन. प्रॉक्सीने ‘व्हाया’ या हेडरमध्ये आपला पत्ता जोडायचा, म्हणजे उत्तर त्याच वाटेने परत येतं. ‘मॅक्स-फॉरवर्ड्स’चा आकडा एकने कमी करायचा, म्हणजे मेसेज गोल फिरत बसत नाही. बाकीच्या ओळी, अगदी न कळलेल्यासुद्धा, तशाच पुढे द्यायच्या.

मेख इथंच आहे. ‘फ्रॉम’ ही ओळ फोन करणाऱ्याच्या बाजूनेच लिहिली जाते. खोटं लिहिलं, तर पोस्टमन खोटंही इमानदारीत पोचवतो!

म्हणून नोव्हेंबर २००२ मध्येच ‘पी-असर्टेड-आयडेंटिटी’ हे हेडर आलं. इथे कॉलरची ओळख नेटवर्कने तपासून लिहायची. ही ओळ अनोळखी नेटवर्ककडून आली, तर प्रॉक्सीने स्वतः खात्री करायची, नाहीतर ती काढून टाकायची. नियम चोख आहे. पण कॉल चार देशांतल्या चार कंपन्यांमधून आला, तर भरवसा कुणाचा?

अमेरिकेने ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही सक्तीची केली. आपल्या दूरसंचार विभागाने वेशीवरच पहारा बसवला. परदेशातून येताना भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. पहिल्या २४ तासांत असे १.३५ कोटी कॉल अडवले गेले. म्हणजे दुखणं केवढं होतं बघा!

तरी निर्धास्त होऊ नका. वेशीवरचा पहारा वेशीपुरताच असतो. इंटरनेटवरून आलेला कॉल देशातल्याच सिमकार्डांतून बाहेर काढला, तर तो गावातलाच वाटतो. 

म्हणून एक सोपी युक्ती. फोन कट करा आणि त्या बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा अधिकृत नंबर शोधून स्वतः लावा. येणाऱ्या कॉलवरचा नंबर हा फक्त दावा असतो. तुम्ही लावलेला कॉल मात्र त्या नंबरच्या खऱ्या मालकाकडे जातो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. नुसता संशय असेल तर ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’त कळवा.